पहिली रायफल: किशोरवयीन मुलांसाठी सोसवेल इतक्या धक्क्याची शिकारी रायफल कशी निवडावी

अमेरिकेत कोलोरॅडोसारख्या राज्यात स्थायिक झालेल्या मराठी घरांत अलीकडे एक प्रश्न अधूनमधून निघतो आणि पुण्या-नाशकात वाढलेल्या आईबाबांकडे त्याचे तयार उत्तर नसते. मुलीच्या वर्गातली निम्मी मुले ऑक्टोबर उजाडला की वडिलांबरोबर किंवा मामाबरोबर हरणाच्या नाहीतर एल्कच्या (सांबरासारख्या, पण मोठ्या हरणाच्या) शिकारीला जातात, फ्रीझरभर मांस घेऊन परततात, आणि एक दिवस आपलेही लेकरू जेवताना विचारते, की मी जाऊ का? भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची वाट बंद झाली, त्यामुळे शिकार म्हटले की आपल्याला एखाद्या जुन्या वाड्याच्या भिंतीवरची शिंगे तेवढी आठवतात. इथे मात्र तो परवान्याने, हंगामाने आणि कोट्याने बांधलेला रीतसर व्यवहार आहे. ज्या घरात त्याला होकार मिळाला आहे आणि आता रायफल कोणती घ्यावी हे ठरवायचे आहे, त्या घरासाठी हा लेख आहे.

सुरुवातीलाच माझी चूक सांगतो. मुलगी तेरा वर्षांची असताना एका सहकाऱ्याची ‘.३०-०६’ या दणकट काडतुसाची हलकी रायफल मी उसनी आणली आणि थेट तिच्या हातात दिली. पहिली गोळी तिने हसत मारली. दुसऱ्या गोळीला रायफलीवरच्या दुर्बिणीची कडा भुवईला लागली. तिसऱ्या गोळीच्या वेळी मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो आणि चाप ओढला जाण्याच्या आधीच तिचे दोन्ही डोळे घट्ट मिटलेले मला दिसले. खांद्यावरचा काळानिळा डाग आठवड्यात गेला, पण ती डोळे मिटण्याची सवय घालवायला अख्खा हिवाळा आणि .२२ च्या, म्हणजे जवळजवळ धक्का नसलेल्या छोट्या काडतुसांची बरीच खोकी लागली. म्हणून माझे म्हणणे असे आहे की पहिल्या रायफलीत ताकद शोधू नये, मूल ज्या रायफलीला घाबरणार नाही ती शोधावी. भीती एकदा बसली की नेम जातो, आणि नेम गेला की कितीही मोठे काडतूस सावजाला जखमी करून पळवून लावण्यापलीकडे काही करत नाही.

निवडीचा क्रम मी असा धरतो: आधी कायदा, मग मुलाच्या अंगाची मापे, मग काडतूस, मग रायफलीचे वजन आणि बांधणी, आणि शेवटी दुर्बीण. दुकानात गेल्यावर हा क्रम बहुधा नेमका उलटा होतो, कारण विक्रेता पहिल्यांदा भिंतीवरची रायफल खाली काढतो.

पहिली पायरी: आपल्या राज्याचा कायदा

प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत आणि ते काडतुसाच्या निवडीलाच हात घालतात, म्हणून ही पायरी टाळता येत नाही. कोलोरॅडोत मोठ्या सावजाची शिकार बाराव्या वर्षापासून करता येते. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारी-शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय परवाना मिळत नाही. बारा ते पंधरा वयाच्या मुलाबरोबर सज्ञान मार्गदर्शक असावा लागतो आणि दोघे एकमेकांना दिसतील व ऐकू येतील इतक्या जवळ असावे लागतात. रायफल सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी ठिणगी पडणारी) आणि किमान .२४ कॅलिबरची, म्हणजे नळीचा आतला व्यास निदान ०.२४ इंच असलेली, नळी निदान १६ इंचांची, गोळी पसरणाऱ्या जातीची, तिचे वजन हरीण, प्रॉन्गहॉर्न (काळविटासारखे जनावर) आणि अस्वल यांच्यासाठी किमान ७० ग्रेन (गोळी मोजण्याचे वजनाचे लहान माप), तर एल्क आणि त्याहून मोठ्या मूस या हरणासाठी किमान ८५ ग्रेन, आणि १०० यार्डांवर आघाताची शक्ती किमान १,००० फूट-पौंड (ऊर्जेचे माप), अशी अट आहे. याचा सरळ अर्थ असा, की धक्क्याच्या बाबतीत अगदी मवाळ असलेले .२२३ चे काडतूस कोलोरॅडोत हरणालाही चालत नाही.

न्यू जर्सीतल्या आपल्या लोकांना तर हा लेख जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण तिथे हरणासाठी सेंटरफायर रायफल वापरताच येत नाही. शॉटगन, धनुष्यबाण किंवा तोंडाकडून भरायची बंदूक, एवढेच पर्याय उरतात. ओहायो आणि आयोवा या राज्यांत हरणासाठी रायफल वापरायची तर बहुतेक वेळा सरळ भिंतीच्या, म्हणजे तोंडाशी निमुळत्या न होणाऱ्या पुंगळीची काडतुसे लागतात. तिथे २०१९ साली आलेले .३५० लेजंड हे मुलांसाठी चांगले उत्तर आहे, कारण त्याचा धक्का पुढे येणाऱ्या, मवाळ धक्क्याच्या .२४३ च्या जवळपासच राहतो. .४५० बुशमास्टर मात्र त्याच कपाटात शेजारी असले तरी मुलांच्या वाट्याला देऊ नये.

आपल्या समाजासाठी महत्त्वाची आणि फार कमी लोकांना ठाऊक असलेली एक गोष्ट व्हिसाची आहे. एच-१बी, एच-४ किंवा तत्सम तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास मुळात मनाई आहे. त्या व्यक्तीकडे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकारी परवाना असेल तर त्या मनाईतून सूट मिळते. ग्रीन कार्डधारकांना आणि नागरिकांना ही अडचण नाही. म्हणजे वडील एच-१बीवर आणि मुलगा एच-४ वर असेल, तर रायफलीला हात लावण्याआधी दोघांकडेही परवाना हवा, आणि ही गोष्ट इमिग्रेशनच्या वकिलाला विचारून पक्की करून घेतलेली बरी. तिकडे चूक झाली तर दंड भरून सुटका होत नाही.

रायफल अर्थातच पालकाने विकत घ्यायची, पालकाच्या नावावर राहू द्यायची आणि कुलूपबंद ठेवायची. अल्पवयीन मुलाच्या हाती पडू शकेल अशी बंदूक उघडी ठेवणे हा कोलोरॅडोत २०२१ च्या कायद्याने गुन्हा आहे. काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत आणि दोन्हींच्या किल्ल्या मुलाला ठाऊक असलेल्या जागी नसाव्यात. ‘आमचा मुलगा तसा नाही’ हे वाक्य इथे पूर्णपणे बाजूला ठेवावे. मुलाच्या मनाची अवस्था बरी नसेल, घरात काही ताण चालू असेल, तर त्या वर्षी रायफल घरात आणूच नये.

दुसरी पायरी: धक्क्याचे गणित

‘या रायफलीचा धक्का कमी आहे’ हे वाक्य दुकानात सर्रास ऐकू येते, पण काडतूस, रायफलीचे वजन आणि गोळीचे वजन हे तिन्ही सांगितल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही. शाळेत शिकलेला संवेग अक्षय्यतेचा नियम इथे जसाच्या तसा लागतो. गोळी आणि तिच्यामागून निघणारा जळलेल्या दारूचा वायू जितका संवेग पुढे नेतात, तितकाच रायफल मागे आणते. त्यामुळे काडतूस तेच ठेवले, तर धक्क्याची ऊर्जा रायफलीच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते.

एक उदाहरण मांडून पाहू. ६.५ क्रीडमूरची १४० ग्रेनची गोळी सेकंदाला २,७०० फूट वेगाने निघते आणि तिच्यामागे सुमारे ४१ ग्रेन दारू जळते. दुर्बिणीसकट ८ पौंड वजनाच्या रायफलीत याचा धक्का सुमारे १३ फूट-पौंड येतो आणि रायफल सेकंदाला सुमारे १० फूट वेगाने मागे येते. हेच काडतूस ६ पौंडांच्या रायफलीत भरले तर धक्का १७ च्या वर जातो आणि वेग साडेतेरा फुटांच्या आसपास चढतो. हा वाढलेला वेग खांद्याला वेगळाच जाणवतो, कारण सावकाश ढकलले जाणे आणि फटका बसणे यांत अंगाला फरक कळतो.

मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या रायफलींची गोम इथेच आहे. दस्ता (खांद्याला टेकणारा मागचा भाग) आखूड, नळी आखूड, त्यामुळे रायफल हलकी, आणि हलकी म्हणून धक्का जास्त. सर्वांत लहान अंगाला सर्वांत जोराचा धक्का, असा हा उफराटा हिशेब आहे. छोटी रायफल घेऊ नये असे मी म्हणत नाही, मापासाठी ती घ्यावीच लागते. फक्त तिचे कमी झालेले वजन काडतुसाच्या निवडीत भरून काढावे लागते.

८ पौंडांच्या रायफलीत वेगवेगळ्या काडतुसांचे धक्क्याचे ढोबळ आकडे (फूट-पौंडांत) असे येतात: .२४३ विंचेस्टर ९ ते १०, ६.५ क्रीडमूर १३ च्या आसपास, ७ मिमी-०८ रेमिंग्टन १३ ते १५, .३०८ विंचेस्टर १५ ते १७, .२७० विंचेस्टर १६ ते १९, १८० ग्रेन गोळीची .३०-०६ २० ते २२, आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम ३० च्या आगेमागे. माझ्या अनुभवात सडपातळ बांध्याच्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला १० ते १२ पर्यंतचा धक्का निमूट सोसतो, पंधरा-सोळाव्या वर्षी सराव असेल तर १५ पर्यंत जाता येते, आणि २० च्या पुढे पुष्कळ मोठी माणसेही डोळे मिटतात. फक्त ती कबूल करत नाहीत.

तिसरी पायरी: मुलाचे माप

कपडे घेताना आपण मुलाला बरोबर नेतो, रायफल घेतानाही न्यावे. चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतच्या अंतराला दस्त्याची लांबी म्हणतात. प्रौढांच्या रायफलीत ती साडेतेरा ते पावणेचौदा इंच असते, तर मुलांच्या रायफलीत बारा ते तेरा. मूल साधारण पाच फुटांचे असेल तर प्रौढांचा दस्ता त्याला लांब पडतो. मग ते मान पुढे ताणते, कंबरेतून मागे रेलते आणि दस्ता खांद्याच्या खोबणीऐवजी दंडावर टेकवते, आणि त्या जागी साधा धक्काही लागतो.

घरच्या घरी करायची चाचणी सोपी आहे. रायफल रिकामी आहे हे दोघांनी डोळ्यांनी पाहून आणि चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसते त्या जागेत, बोट घालून खात्री करावी आणि नळी सुरक्षित दिशेला ठेवावी. मग मुलाने कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचे टोक कोपराच्या आतल्या खळग्यात टेकवावे; तर्जनीचे पहिले पेर आरामात चापापर्यंत पोहोचले तर लांबी साधारण जुळते. यानंतरची खरी चाचणी खांद्याला लावून करायची असते. मुलाने डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी, गाल दस्त्यावर टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. दुर्बिणीतून पूर्ण गोल चित्र दिसले तर माप बरोबर. काळी कडा दिसली आणि चित्रासाठी मान हलवावी लागली, तर माप चुकले.

ही चाचणी टी-शर्टवर करून भागत नाही. कोलोरॅडोत नोव्हेंबरमध्ये सात हजार फुटांवर मूल स्वेटर, जाड जाकीट आणि त्यावर कायद्याने लागणारे भडक नारिंगी किंवा गुलाबी जॅकेट घालून उभे असते, आणि एवढ्या थरांनी दस्त्याची लांबी अर्ध्या-पाऊण इंचाने वाढल्यासारखी होते. म्हणून जुलैच्या उकाड्यात, दुकानदार हसला तरी, हिवाळी जाकीट बरोबर न्यावे.

याच वेळी डोळा तपासावा. मुलाने दोन्ही हात पुढे ताणून पंज्यांच्या मधोमध लहान त्रिकोणी फट करावी, त्यातून दूरचा दिवा दोन्ही डोळ्यांनी पाहावा आणि मग एकेक डोळा मिटून बघावे. ज्या डोळ्याने दिवा फटीतच राहतो तो डोळा प्रबळ. उजव्या हाताच्या मुलाचा डावा डोळा प्रबळ असणे मुळीच दुर्मीळ नाही. अशा मुलाला पहिल्या दिवसापासून डाव्या खांद्यावरून शिकवणे सोपे जाते, आणि मग डाव्या हाताने बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा) ओढायची रायफलही शोधावी लागते. हे रायफल घेतल्यानंतर कळले तर खर्च दुप्पट होतो.

चौथी पायरी: काडतूस

या पायरीवर मित्र, शेजारी आणि दुकानदार, सगळेच आपापले आवडते काडतूस पुढे करतात. माझ्या हिशेबाने पहिल्या रायफलीसाठी तीनच उमेदवार गंभीरपणे विचारात घ्यावेत.

.२४३ विंचेस्टर १९५५ साली आले. .३०८ च्याच पुंगळीचे तोंड अरुंद करून ते बनवले आहे. धक्का सर्वांत कमी, काडतुसे जवळजवळ प्रत्येक गावातल्या दुकानात मिळतात, आणि ९० ते १०० ग्रेनची चांगली गोळी म्यूल डिअर व व्हाइटटेल या हरणांना आणि प्रॉन्गहॉर्नला पुरून उरते. कोलोरॅडोत एल्कसाठीही ते कायद्यात बसते, पण माझ्या मते एल्कसाठी .२४३ हे मुलाचे नाही, मुरलेल्या शिकाऱ्याचे काडतूस आहे. त्यात चुकीला जागा फार थोडी असते. गोळी खांद्याच्या जाड हाडावर लागली किंवा सावज तिरके उभे असले तर ती पुरेशी खोल जाईलच याची खात्री नसते. मूल फक्त हरणाची शिकार करणार असेल आणि अंगाने लहान असेल, तर मात्र यापुढे शोधण्याची गरज नाही.

६.५ क्रीडमूर हॉर्नेडी कंपनीने २००७ साली आणले. मुळात ते लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी होते, पण त्याच्या लांब आणि निमुळत्या गोळ्या वेग टिकवून ठेवतात व खोल शिरतात, म्हणून शिकाऱ्यांनी ते उचलले. या काडतुसाविषयी जितका गाजावाजा होतो तितकीच चेष्टाही होते. दोन्हीकडे दुर्लक्ष करावे. बाजारात त्याच्या रायफली आणि काडतुसे भरपूर आहेत, धक्का मधला आहे, आणि हरीण ते एल्क अशी दोन्ही कामे ते वाजवी अंतरात करते.

७ मिमी-०८ रेमिंग्टन १९८० साली आले. मला विचाराल तर पहिल्या रायफलीसाठी माझा कल याच्याकडे आहे, आणि त्याचे एक कारण मराठी वाचकाला पटकन कळेल असे आहे. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीनंतर १९०७ साली जिम कॉर्बेट यांना जी रिग्बी कंपनीची .२७५ रायफल भेट मिळाली, तिचे काडतूस म्हणजे १८९२ पासून चालत आलेले ७×५७ माउझर, आणि ७ मिमी-०८ ची करामत जवळजवळ त्याच्याइतकीच आहे. मोठ्या जनावरासाठी भीमकाय काडतूसच हवे हा समज त्या एका रायफलीने केव्हाच खोटा ठरवला आहे. १४० ग्रेनच्या गोळीने ते अडीचशे यार्डांपर्यंत एल्कला योग्य आहे, आणि १२० ग्रेनच्या गोळीत धक्का .२४३ च्या बराच जवळ येतो. उणी बाजू एवढीच, की लहान गावातल्या दुकानात हंगामाच्या तोंडावर त्याची काडतुसे हटकून मिळतील असे नाही, म्हणून उन्हाळ्यातच पाच-सहा खोकी आणून ठेवावीत.

.३०८ वाईट नाही. घरात आधीपासून .३०८ ची आठ-साडेआठ पौंडांची रायफल असेल, तर नवी घेण्याऐवजी तिचा दस्ता बदलून आणि कमी दारूची, कमी धक्क्याची तयार काडतुसे वापरून काम भागते. ही काडतुसे शंभर-दीडशे यार्डांसाठी असतात आणि त्यांचा नेम नेहमीच्या काडतुसांपेक्षा वेगळ्या ठिकाणी बसतो, म्हणून दुर्बीण त्याच काडतुसाने नव्याने जुळवावी लागते. .३०० च्या घरातली सगळी मॅग्नम, म्हणजे जास्त दारूची काडतुसे मात्र ‘मोठा झाल्यावर उपयोगी पडेल’ या सबबीखाली घेऊ नयेत. चपला एक माप मोठ्या घेण्याची आपली सवय इथे फार महागात पडते.

गोळीची जात काडतुसाइतकीच महत्त्वाची आहे, किंबहुना लहान काडतुसात जास्तच. आवरण आणि शिसे एकमेकांना चिकटवलेली गोळी किंवा संपूर्ण तांब्याची गोळी फुटून विखुरत नाही आणि खोल जाते, म्हणून हलक्या गोळीनेही पुरेसे काम होते. हलकी गोळी म्हणजे कमी धक्का, हा त्यातला दुसरा फायदा. तांब्याच्या गोळीचा आणखी एक लाभ म्हणजे मांसात शिशाचे कण राहत नाहीत. घरात लहान मुले ते मांस खाणार असतील तर एवढे कारण मला पुरेसे वाटते. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिसेविरहित गोळी सक्तीचीच आहे.

पाचवी पायरी: रायफलीची बांधणी

पहिली रायफल बोल्टची असावी. प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढावा लागतो, त्यामुळे मूल थांबते, विचार करते, आणि रायफल भरलेली आहे की रिकामी, हे शेजारी उभ्या असलेल्या पालकाला चार फुटांवरून दिसते. सुरुवातीला मॅगझिन (काडतुसांचा कप्पा) रिकामे ठेवून एकेक काडतूस हाताने भरायला शिकवावे.

मापाच्या बाबतीत बाजारात चांगली सोय आहे. मॉसबर्गच्या पेट्रियट मालिकेतील सुपर बॅन्टम या मॉडेलचा दस्ता स्पेसर (मध्ये बसवायचा जाड तुकडा) घालून बारापासून तेरा इंचांपर्यंत वाढवता येतो. रूगरच्या अमेरिकन मालिकेतील कॉम्पॅक्ट मॉडेलची लांबी साडेबारा इंच असते. मूल भराभर उंच होण्याच्या वयात असेल तर स्पेसरचा दस्ता घ्यावा, कारण दोन वर्षांत तोच दस्ता आईलाही बसेल.

या रायफली दुर्बिणीशिवाय सहा-साडेसहा पौंडांच्या असतात आणि दुर्बीण चढवल्यावर सात-साडेसातपर्यंत जातात. मला ते थोडे कमी वाटते. स्वस्त प्लास्टिकचे दस्ते आतून पोकळ असतात. मागची रबरी गादी दोन स्क्रू काढून वेगळी केली, की त्या पोकळीत शिशाचे छर्रे कापडी पिशवीत घट्ट बांधून आणि भोवती फोम कोंबून अर्धा ते पाऊण पौंड वजन वाढवता येते. छर्रे आत खुळखुळता कामा नयेत, नाहीतर हरीण ते ऐकते. सरावापुरते वजन ठेवावे आणि डोंगर चढायचा असेल त्या दिवशी काढावे. शिकारीच्या त्या एका गोळीचा धक्का मुलाला बहुतेक जाणवतही नाही. धक्का साठत जातो तो सरावात.

रबरी गादी कठीण असेल तर मऊ, जाड गादी बसवून घ्यावी. सगळ्या खर्चात सर्वांत जास्त फळ देणारा खर्च हा आहे. मझल ब्रेकबद्दल मात्र मी सावध आहे. नळीच्या तोंडाशी असलेली ही भोके वायूला बाजूला वळवतात आणि धक्का पुष्कळ कमी करतात, पण आवाजही बाजूला आणि मागे फेकतात. रायफलीचा आवाज आधीच १५० डेसिबलच्या वर असतो आणि १४० डेसिबलच्या वरचा एकच आवाज कानाला कायमची इजा करू शकतो. त्यातून, मुले धक्क्याइतकीच आवाजालाही दचकतात, हे मोठ्यांच्या लक्षात येत नाही. नळीच्या टोकाला बसवायचा सप्रेसर आवाज आणि धक्का दोन्ही कमी करतो आणि कोलोरॅडोत शिकारीत चालतो, पण त्याची संघीय नोंदणी पालकाच्या नावे करावी लागते आणि पहिल्याच वर्षी एवढ्या खटाटोपात पडण्याची गरज नाही. कानात फोमचे बोळे आणि त्यांवर मफ, असे दुहेरी संरक्षण सरावाला पुरेसे आहे.

सहावी पायरी: दुर्बीण

इथे फार रेंगाळायला नको. २ ते ७ किंवा ३ ते ९ पट मोठे दाखवणारी साधी, भक्कम दुर्बीण घ्यावी. डोळा आणि भिंग यांच्यातले अंतर किमान साडेतीन इंच, शक्यतो चार, मिळाले पाहिजे. माझ्या मुलीच्या भुवईवरचा वण या अंतराकडे दुर्लक्ष केल्यामुळे आला. दुकानदार दुर्बीण स्वतःच्या मानेच्या हिशेबाने बसवून देतो, म्हणून मूल समोर असताना, जाकीट घालून, उभे राहून आणि बसून, अशा दोन्ही स्थितींत पाहून मगच रिंगचे स्क्रू पक्के करावेत. शिकारीत दुर्बीण सर्वांत कमी पटीवर ठेवण्याची सवय लावावी, कारण नऊ पटीत जवळचे हरीण मुलाला सापडतच नाही आणि तेवढ्यात ते निघून जाते.

सातवी पायरी: सराव, आणि रायफल बरोबर निवडली की नाही याची परीक्षा

सुरुवात .२२ ने करावी आणि शेकडो गोळ्या त्यानेच मारू द्याव्यात. महाराष्ट्रात नेमबाजी शिकणारी मुले दहा मीटरच्या एअर रायफलीवर वर्षानुवर्षे घालवतात त्यामागे हेच शहाणपण आहे. कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलीच्या ‘थ्री पोझिशन्स’ (तीन शरीरस्थितींतून नेमबाजी) या प्रकारात कांस्यपदक मिळवले तेही .२२ च्याच रायफलीने. धक्का नसतो तिथेच चाप ओढण्याची शिस्त अंगात मुरते.

मोठी रायफल हाती आल्यावर एका दिवसात दहा-बारापेक्षा जास्त गोळ्या मारू देऊ नयेत, आणि मूल ‘अजून एक’ म्हणत असतानाच थांबावे. टेबलावर बसून मारताना शरीर मागे जाऊ शकत नाही आणि सगळा धक्का खांदा खातो. म्हणून दुर्बीण जुळवण्याचे टेबलावरचे काम पालकाने स्वतः करावे आणि मुलाने गुडघ्यावर बसून किंवा काठ्यांच्या आधाराने मारावे.

पाच-सहा गोळ्यांनंतर परीक्षा घ्यावी. मुलाला न सांगता पालकाने काडतुसांमध्ये एखादे खोटे, दारू नसलेले काडतूस मिसळून भरावे. चाप ओढल्यावर नुसता ‘टक’ असा आवाज होतो आणि त्या क्षणी नळीचे तोंड काय करते ते बघावे. नळी जागच्या जागी राहिली तर रायफल मुलाला पेलते आहे. नळी खाली झुकली, खांदा पुढे आला किंवा पापण्या मिटल्या, तर धक्का मनात शिरला आहे, आणि त्या दिवशी खरी काडतुसे खोक्यात परत गेली पाहिजेत. रायफल वजनाने हलकी आहे, दस्ता लांब आहे की काडतूस मोठे आहे, हे त्यानंतर शोधावे. माझ्या मुलीच्या हातात त्या उसन्या रायफलीची नळी दोन इंच खाली गेली होती. पुढच्या वर्षी छर्रे भरलेल्या दस्त्याच्या ७ मिमी-०८ मध्ये, १२० ग्रेनच्या गोळीने, ती तसूभरही हलली नाही.

अंतर कसे ठरवायचे तेही याच मैदानावर ठरते. हरणाच्या हृदय-फुप्फुसांची जागा साधारण आठ इंचांची असते, म्हणजे हळदीकुंकवाला वाटतो तसल्या कागदी ताटलीपेक्षा थोडी लहान. गुडघ्यावर बसून किंवा काठ्यांवरून, जाकीट घालून, थोडे धावून दम लागलेला असताना, ज्या अंतरावर मूल पाचपैकी पाच गोळ्या तेवढ्याच आठ इंचांच्या वर्तुळात बसवते, ते त्या हंगामाचे कमाल अंतर. ते १०० यार्ड असेल तर १०० यार्ड. काडतूस किती लांब मारू शकते या आकड्याचा इथे काही संबंध नाही, आणि शिकारीच्या दिवशी वडिलांचा धीर सुटला तरी हे अंतर वाढवू नये.

दस्त्यातून काढलेले स्पेसर आणि त्यांचे लांब स्क्रू एका डबीत घालून त्यावर रायफलीचे नाव लिहून ठेवावे. सहा महिन्यांनी मूल दीड इंच वाढलेले असते, दस्ता अचानक आखूड पडतो, अंगठा नाकावर आपटू लागतो, आणि नेमके तेच दोन स्क्रू घरात कुठेही सापडत नाहीत.